तीन वर्षांचं आमेन

मे महिन्याचा पहिला शनिवार. रक्कम साडेचार हजार, सांगलीहून साताऱ्याला सामान नेण्याचं टेंपोचं भाडं. पैकी हजार आगाऊ दिले होते. चर्चच्या बंगल्यात पंच कमिटीचे सात जण आणि मी. बायको स्वयंपाकघरात चहा करत होती. कप शेजारून आणलेले, कारण आमचे खोक्यात बांधून झाले होते.

सत्तावीस वर्षं मी पाळक आहे. रविवारी उपासना, आठवडाभर दवाखाने आणि झोपडपट्टीतली घरं, गुरुवारी उपदेशक होऊ पाहणाऱ्यांना ईशज्ञानाचे धडे. एवढ्या काळात आम्ही सहा बंगल्यांत राहिलो, त्यातला एकही आमचा नव्हता. यंदा साताऱ्यात दोन खोल्यांचा फ्लॅट झाला. त्यातले निम्मे पैसे बायकोच्या शिलाईचे. राजीनामा मी फेब्रुवारीतच दिला होता.

कमिटीला नवा पाळक मिळाला नव्हता. आणखी तीन वर्षं थांबा म्हणाले. मी दोनदा नाही म्हणालो. पगारात दीड हजार वाढवतो म्हणाले. तेव्हाही नाही म्हणालो. साताऱ्यात कंदी पेढ्यांशिवाय आहे काय, असं एकानं विचारलं, सगळे हसले. अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. ते शांतपणे म्हणाले, "राहू द्या. प्रार्थनेनं बैठक संपवू."

आम्ही डोळे मिटले. त्यांनी आजाऱ्यांसाठी मागितलं, परीक्षा दिलेल्या मुलांसाठी मागितलं. मग म्हणाले, "आणि प्रभू, आमच्या पाळकसाहेबांनी आणखी तीन वर्षं आमच्यात राहायचं मनावर घेतलं, याबद्दल तुझे आभार मानतो."

प्रार्थना चालू असताना मध्ये कुणी बोलत नाही. काय मागितलंय ते ऐकल्याशिवाय आमेन म्हणू नका, असं मी विद्यार्थ्यांना पहिल्याच धड्यात सांगतो. मी तर नीट ऐकलं होतं. तरी सगळ्यांबरोबर माझंही आमेन निघालं. डोळे उघडले तेव्हा अध्यक्षांचा हात माझ्यापुढे होता.

ते गेल्यावर मी बायकोला म्हणालो, सवयीनं तोंडातून गेलं, पण आता देवासमोरचा शब्द फिरवू कसा?

ती कप विसळत होती. "तुमचा तुम्ही पाळा," ती म्हणाली. "मी चहा गाळत होते. मी आमेन म्हटलेलं नाही."

सोमवारी टेंपो आला. माझी पुस्तकं, टेबल आणि एक खाट सोडून बाकीचं तिनं चढवून घेतलं. ड्रायव्हर मला म्हणाला, "सामान लय कमी हाय साहेब. पाचशे कमी द्या."

ती पुढच्या सीटवर बसली होती. "ठरलंय तेवढं द्या," ती म्हणाली.

उरलेले साडेतीन हजार मी मोबाइलवरून ड्रायव्हरला पाठवले.