वहीतले अर्धे गोल

तुळशीराम भाऊ बरोबर होते आणि मी चुकलो होतो. हे मला त्यांच्या हयातीतच कळले होते, तरी मी त्यांना सांगितले नाही. गेल्या महिन्यात त्यांच्या गावाहून, नागभीडहून, ते वारल्याचा फोन आला, तेव्हा दुःखाच्या आधी मला लाज वाटली.

गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांतून येणाऱ्या रक्ताच्या काचपट्ट्यांवर हिवतापाचे जंतू शोधण्यात भाऊंची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर ते चंद्रपूरला आमच्या प्रयोगशाळेत आले. पेशीतली कोणती जनुके उघडी ठेवायची, कोणती मिटायची, हे काही एन्झाइम ठरवतात. कर्करोगाच्या पेशीचे त्यांच्यावाचून चालत नाही, तसे हिवतापाच्या जंतूचेही. म्हणून ही एन्झाइम बंद पाडणारे, मुळात कर्करोगासाठी तयार केलेले एक औषध आम्ही प्रयोगाच्या काचबशीत वाढवलेल्या जंतूंवर वापरून पाहत होतो. दोन दिवसांत जंतू आकसून ठिपक्याएवढे झाले. मी ते मेलेले म्हणून मोजले.

"सर, थे मेले नाईत. दडून बसले हायेत," सूक्ष्मदर्शकावरची मान न उचलता भाऊ म्हणाले.

"भाऊ, आता तुम्ही आम्हाला शिकवणार?" मी म्हणालो. सगळे हसले, मीही.

"शिकवत नाई जी, दाखवून राह्यलो. पाहा त खरं."

मी पाहिले नाही... शोधनिबंध छापून आला. भाऊ नंतर आलेच नाहीत. वर्षभराने एका विद्यार्थिनीने तोच प्रयोग पुन्हा केला, औषध धुऊन टाकले आणि बशी आणखी काही दिवस ठेवली. जंतू पुन्हा वाढले होते. नागभीडला जाऊन सांगू, म्हणत मी दोन वर्षे काढली.

पुण्यानुमोदनाला, भाऊंना श्रद्धांजली वाहायला गेलो, तेव्हा त्यांच्या पत्नी सुमनबाईंनी भाऊंची वही पुढे केली. मेलेल्या जंतूला फुली, दडलेल्याला अर्धा गोल. माझ्या प्रयोगाच्या पानांवर फुल्या थोड्याच होत्या... मी तिथेच माफी मागू लागलो.

"मले काऊन सांगता सर? ज्याइच्यापुढं हासले, त्याइले सांगा."

सोमवारी त्या दिवशीच्या सगळ्यांना बोलावले. निबंधाच्या दुरुस्तीसाठी लिहिलेले पत्र, भाऊंच्या नावासकट, वाचून दाखवले. भाऊंचे स्टूल अजून त्यांच्याच उंचीवर होते. त्यावर वही ठेवली आणि म्हणालो, "भाऊ, तुम्ही दाखवत होता. मी पाहिले नाही, वर हसलो. मला माफ करा."