ती त्यांना ‘अहो’ म्हणायची

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. भिवंडी आगारातून निवृत्त झाले आणि काही वर्षांतच विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग खारबावच्या आमच्या घराची वाट. ठाण्याच्या डॉक्टरांनी डिमेन्शिया असं नाव सांगितलं. गावात लोक ‘म्हातारपन हाय, चालायचंच’ म्हणून मोकळे व्हायचे. हे निघून जातील या भीतीने मी मात्र दिवसभर दाराला कडी लावून बसायची.

त्या सुमाराला भिवंडीत एका निवृत्त नर्सबाईंनी अशा माणसांसाठी केंद्र सुरू केलं. वाचनालयामागच्या हॉलमध्ये, आठवड्यातून दोनदा. सकाळी सोडायचं, दुपारी घेऊन जायचं. तिथे गाणी म्हणायची, चेंडू झेलायचा, शेंगा सोलायच्या. शेजारच्या गल्लीतले कापडाचे लूम खडखडत असायचे, त्याच तालावर सगळे टाळ्या वाजवायचे. यांना तिथे सोडून मी कित्येक दिवसांनी बाजारात एकटी फिरले, तेव्हा हात हलके वाटले.

एकदा काम लवकर आटपलं म्हणून मी अगोदरच हॉलवर पोहोचले. दारातून पाहते तर हे एका बाईशेजारी बसलेले. गोरी, नाजूक, विटकरी साडी, केसांचा नीट अंबाडा. ती म्हणाली, “अहो, चहा निवतोय.”

आणि यांनी मुकाट्याने कप उचलला. घरी घोटभर चहासाठी मी मिनतवाऱ्या करायची. वर बशीतलं बिस्किट मोडून यांनी अर्धं तिच्या हातावर ठेवलं. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या हातावर यांनी असं काही ठेवल्याचं मला आठवत नव्हतं.

तीही तिथे येणाऱ्या विसरभोळ्यांतलीच; विधवा होती, असं नर्सबाईंनी सांगितलं. यांना आपला नवरा समजत होती आणि हे तिला आपली बायको. मग मी कोण? ते त्याच संध्याकाळी कळलं. मी यांचे पाय चेपत होते. हे म्हणाले, “ताई, तू लई चांगली हायस. पन आता मला घरी जाऊ दे. माजी बायको वाट बगत असंल.”

मी उठून मोरीत गेले आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.

आमच्याकडे बायका नवऱ्याला ‘पोरांचे बाबा’ म्हणतात. मी ‘अहो’ कधी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी म्हणून पाहिलं, तिच्यासारखा आवाज बारीक करून. यांनी मानही वळवली नाही. माझी मलाच लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला.

नर्सबाईंना मी सांगितलं, “त्या बाईला लांब बसवा.”

त्यांनी समजूत घातली, पण मी हट्टच धरला तेव्हा तिची खुर्ची पार खिडकीशी नेली. हे उठले, आपली खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि वाटेतल्या म्हाताऱ्यांना “सरका, सरका, पुढं जागा हाय” म्हणत खिडकीशी जाऊन बसले. सगळा हॉल हसला. तीही हसली, पदर तोंडाशी धरून, नव्या नवरीसारखी. मला तो पदर ओढावासा वाटला.

केंद्रात घरच्या माणसांचीही बैठक व्हायची. सांभाळणाऱ्यांनी मन मोकळं करायचं. तिथे तिची मुलगी मला म्हणाली, “काकी, रागावू नका. बाबा गेल्यापासून आई कोणाशी बोलतच नव्हती. आता सकाळी स्वतःहून अंबाडा घालून बसते.”

“म्हणून माझा नवरा देऊ काय तिला?”

ती पोर रडायला लागली. नर्सबाईंनी तिला पाणी दिलं आणि मग माझ्याही हातात ग्लास दिला. ते पाणी पिताना मला रडू फुटलं.

पुढच्या खेपेला मी पोपटी साडी नेसले, यांच्या आवडीची. गजरा माळला आणि थेट यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. क्षणभर वाटलं, ओळखलं. हे तिच्याकडे वळून म्हणाले, “अगं, पावनी आली बग. बसाया दे.”

ती लगबगीने उठली आणि मला स्वतःची खुर्ची दिली. मी बसले. दुसरं काय करणार? ती माझ्या गजऱ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “छान आहे हो.” मी अर्धा तोडून तिला दिला. मनापासून दिला असं नाही. ती इतकी बघत होती, म्हणून दिला. यांनी तो तिच्या अंबाड्यात खोचला, वाकडाच, आणि मी तिथेच बसून ते सगळं पाहिलं.

त्यानंतर मी यांना सोडून बाजारात गेले नाही. तिथेच बसून शेंगा सोलायची. कधी हे माझ्याकडेही दाणे सरकवायचे, पाहुणी म्हणून.

पुढे ती घरात पडली, मांडीचं हाड मोडलं आणि तिचं येणं बंद झालं. पहिल्या दिवशी हे खिडकीशी गेले, दुसऱ्या खेपेलाही गेले. त्यानंतर त्यांना त्या खिडकीचीही आठवण राहिली नाही. मला तेव्हा जितका आनंद झाला, तितका क्वचितच कशाने झाला असेल. माझ्यासारखीच तीही पुसली गेली होती.

बऱ्याच दिवसांनी तिची मुलगी बैठकीला आली. आईला अंथरुणातून उठवत नाही, म्हणाली. “पण चहा आला की अजून विचारते, ह्यांना दिला का? काका आठवण काढतात का हो?”

“नाही,” मी म्हणाले.

परतीच्या रिक्षात हे माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले होते. मी तिचाच विचार करत होते. तिचं सगळं गेलं होतं, तरी यांना चहा मिळाला का ही काळजी तिच्यापाशी उरली होती. यांच्यापाशी माझ्यासाठी काय उरलं होतं? त्या दिवशी मला तिचा जेवढा हेवा वाटला, तेवढा ती यांच्याशेजारी बसायची तेव्हाही वाटला नव्हता.