अवसेचं दळण

फुकट देणाऱ्या बाईकडे लोक कसे पाहतात, ते पांढुर्ण्यात पिठाची चक्की टाकली तेव्हा मला कळलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माहेर सौंसरचं, बापाची चक्की होती, त्यामुळे दळायच्या दगडाला टाकी लावून धार काढायला मी लहानपणीच शिकले होते. नवरा मास्तर. पाडव्याला मी त्याला बजावलं, "या वर्षी चक्की माझ्या जिवावर चालवून दाखवतो. सांजचा सैपाकही माझ्याच हातचा राहीन. अन् महिन्यातून एक दिवस मजूर बायांचं दळण फुकट."

"अन् झोपशीन केव्हा?" तो म्हणाला.

फुकट दळणाला मी अवस, अमावस्येचा दिवस, धरली. आमच्याकडे अवसेला बैल जुंपत नाहीत, वावरातलं काम बंद, म्हणजे मजूर बाया त्या दिवशी मोकळ्या. नेहमीचं गिऱ्हाईकही त्या दिवशी कमीच. हिशेब मला इतका सरळ वाटला की कोणाला विचारायचीही गरज वाटली नाही.

पहिल्या अवसेला दुपारपर्यंत चक्कीत मी आणि माश्या! मग नदीपलीकडच्या सावरगावची एक मजूर बाई दारापर्यंत आली. डोक्यावर टोपली, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकेना. "आत ये ना वो," मी म्हटलं. तिनं दाराला लटकवलेल्या लिंबू-मिरचीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुमची पोरगी बिमार राहते म्हणते, बाई?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता परत फिरली.

माझी पोर खरंच नेहमी तापानं फणफणलेली असायची. पण त्याचा दळणाशी काय संबंध? संबंध मला पुढच्या आठवड्यात कळला. गावात बोलत होते, अवसेला फुकट दळून देते म्हणजे ही बाई उतारा करून राहिली. पोरीची पीडा पिठावर उतरवते आणि गरिबाच्या पदरात घालते! फुकटचं जाऊ द्या, पैसे देणाऱ्या बायाही दुसरीकडे वळायला लागल्या. नवरा कधी आवाज चढवत नसे, तोही म्हणाला, "असंच राहिलं तं दिवाळीले मशीन विकून टाकू."

हे कोणी पेरलं? बसस्टँडजवळच्या चक्कीवाल्यावर माझा पहिला संशय. तो मला पाहून फार गोड हसायचा. मग मी बायांचे चेहरे वाचू लागले. हापशीवर मी गेले की बोलणं थांबायचं, आणि जी सगळ्यात आधी "या ना" म्हणायची तिचाच मला जास्त संशय यायचा. सांजचा सैपाक हातून होत होता, पण ध्यान कुठं होतं? पोरगी काही सांगत असली तर मी नुसतं हं हं करायची.

अशाच एका सांजेला भाकरीचं पीठ मळायला घेतलं आणि हात थांबला. पीठ माझं नव्हतं. माझ्या दगडाचं पीठ जरा भरड येतं, हे मैद्यासारखं मऊ. डबा भरून ठेवणारी घरात एकच, आत्याबाई, माझी सासू. दुसऱ्या दिवशी मी चक्की बंद करून बाजाराच्या कोपऱ्यावर उभी राहिले. भर बाजारातून, सगळ्यांच्या देखत, आत्याबाई डोक्यावर डबा घेऊन बसस्टँडच्या चक्कीतून येत होत्या. सुनेची चक्की असताना! गावाला आणखी काय सांगायचं उरलं होतं?

घरी आल्यावर मी त्यांना दारातच धरलं. "माझा धंदा बुडवता काय? काऊन केलं असं?"

त्या चिडल्या नाहीत, हेच मला खटकलं. डबा खाली ठेवून म्हणाल्या, "तू उतारा करत नसशीन बाई. पण अवसेले दगड फिरवला. दगडाले काई लागलं असन तं? घरात एकच लेकरू आहे."

माझं डोकं फिरलं. तडक चक्कीत गेले, ज्वारी दळली, तेच गरम पीठ घेऊन घरी आले आणि भाकर थापली. ताट पोरीपुढे ठेवलं. "खाय गं," म्हटलं, आणि आत्याबाईंकडे पाहत राहिले.

त्यांनी ताट ओढून घेतलं. "तिले देऊ नको. आधी मी खातो. मले काई झालं तं झालं."

त्यांनी भाकर कोरडीच खाल्ली, शेवटच्या तुकड्यापर्यंत. मग ओसरीत जाऊन भिंतीला टेकून बसल्या. पोर जवळ गेली की, "लांब राय माय," म्हणून तिला मागे सारायच्या. मी चुलीपाशी बसून रडत होते, रागानं की कशानं, देव जाणे. दिवेलागणीला त्या उठल्या, तोंड धुतलं, आणि पोरीला स्वतःच्या हातानं त्याच पिठाच्या भाकरीचा घास भरवला.

सकाळी हापशीवर त्यांनीच सांगितलं, "मी खाल्ली, जित्ती आहो." हळूहळू बाया परत आल्या. मी फुकट दळणाचा दिवस बदलला, मशीन विकावी लागली नाही. लोक म्हणाले, सासूचा सुनेवर किती विश्वास! कसला विश्वास? ती बाई त्या दिवशी मरायच्या तयारीनं जेवायला बसली होती, आणि तिच्यावरच्या रागापायी ते ताट मी वाढलं होतं.