गाइड बसवणारी दोघं

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. चार निबंध बरे जमले म्हणून एका माणसाबद्दल लिहायला बसावं, हे जरा आगाऊपणाचंच आहे. चुकलं तर सांभाळून घ्या. पण धामणकर नाक्याजवळ रिक्षा दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकाकांबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

कुणाची रिक्षा धूर टाकत आली, की काका सायलेन्सरपुढे पांढरं फडकं धरायचे. मग ते उजेडात नेऊन बघायचे. तेलाचे डाग दिसले की म्हणायचे, "गाइड गेला." इंजिनातला व्हॉल्व्ह ज्या बारक्या नळीत वरखाली सरकतो, ती नळी म्हणजे गाइड. ती झिजली की इंजिन तेल पितं. माझे वडील अंजूर ते नाका शेअर रिक्षा चालवायचे, म्हणून हे शब्द मला लहानपणीच आले.

नवीन गाइड बसवायला इंजिनाचं हेड, म्हणजे गाइड ज्यात बसतं तो वरचा भाग, चांगलं तापवावं लागतं आणि गाइड बर्फात ठेवावं लागतं. तापलेलं भोक फुलतं, गार गाइड आकसतं, तेवढ्यात ते ठोकून आत घालायचं. काकांकडे भट्टी नव्हती. दुकानामागे पडदा, पडद्यामागे त्यांचं घर, आणि तिथे काकींचा रॉकेलचा स्टोव्ह. काकी हेड त्यावर तापवायच्या. भाकरीच्या तव्यावर शिंपडतात तसं बोटांनी पाणी शिंपडून बघायच्या.

"झाला का गो?" काका बाहेरून विचारायचे.

"दम धरा. तुमचा हेड माझ्या भाकरीपेक्षा लाडाचा."

"भाकरी करपली तं मी खाईन. हेड करपला तं गिऱ्हाईक मना खाईल."

मग पडदा हलायचा. काकी फडक्यात धरलेलं हेड घेऊन यायच्या, लाकडी ठोकळ्यावर ठेवायच्या, आणि त्यांचा हात बाजूला होईपर्यंत काकांचा हातोडा पडलेलाही असायचा. दोघं एकमेकांकडे बघायची सुद्धा नाहीत.

त्या स्टोव्हनेच असेल, किंवा वस्तीतल्या कापडाच्या लूममधून उडणाऱ्या कापसाने, काकींची छाती भरली. धुरापासून लांब ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. मुलगा दापोड्याला गोदामात कामाला होता, तो त्यांना आपल्या खोलीवर घेऊन गेला. काका दुकान सोडून गेले नाहीत. "बरी झाली का येल," म्हणाले.

त्यानंतरचं पहिलं हेड आमच्या रिक्षाचं होतं. काकांनी ते एकट्याने तापवलं. स्टोव्ह बंद करून, पडदा सारून, बर्फातलं गाइड शोधेपर्यंत हेड निवलं. गाइड अर्ध्यात तिरकं अडकलं. काका ठोकत राहिले आणि हेडला चीर गेली. त्यांनी जुन्या बाजारातून दुसरं हेड आणून आमची रिक्षा जोडून दिली. वडील "असूं दे, मिस्त्री" म्हणाले, तरी काकांनी मान वर केली नाही.

पुढे ते गाइडचं काम घेईनात.

"अभी नहीं होगा, भाई. घरवाली आएगी तब."

"क्या मिस्त्री, गाइड घरवाली डालती है क्या?" एक रिक्षावाला हसला.

"हां," काका म्हणाले. "मैं तो सिर्फ हथोडा मारता."

हळूहळू रिक्षा दुसऱ्या गॅरेजकडे वळल्या.

मी पुण्याला वसतिगृहात राहायला गेलो. दिवाळीत आलो तेव्हा काका एकटेच स्टोव्ह खोलून बसले होते, पिनेने बर्नर साफ करत. मी विचारलं, "काकी कशा आहेत?"

"बरी हाय. थंडी सरली का येल. तू जेवतोस ना रं वेळंवर?"

शेजारी वडील आणि दोन रिक्षावाले उभे होते. त्यांचं बोलणं थांबलं. एकजण वाकून आपला टायर बघू लागला. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आलो तर दुकानाला कुलूप. मुलगा त्यांना दापोड्याला घेऊन गेला, एवढं कळलं. मी वडिलांना म्हटलं, "बरं झालं, दोघं एकत्र आहेत. उद्या जाऊन काकींना भेटून येतो."

वडील रिक्षा धूत होते. त्यांनी पाण्याचा पाइप खाली ठेवला.

"कोनाला भेटतोस? ती तं गनपतीतच गेली. मिस्त्री तिला पोचवून आला आन दुसऱ्या दिशी दुकान उघडून बसला. आमी कोन काय बोललो न्हाय."