म्हाळात घेतलेले सुटे भाग

मी मुळातच घाबरट. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या उतारावरून घरी परत येणारी. अशा बाईने कॉम्प्युटरचे सुटे भाग स्वतः निवडावेत आणि स्वतः जोडावेत, ह्याचं आमच्या ओळखीपाळखीत सगळ्यांना हसू आलं. मलाही आलं असतं, पण हसायची सोय नव्हती.

झालं असं की पावसाळ्यात आई न्हाणीघरात घसरली. मी तेव्हा अंधेरीच्या एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचे. घाटकोपरला टेकडीवरच्या भटवाडीत आमची एक खोली आणि स्वयंपाकघर, आणि मी कामावर गेले की आई एकटी. ती पडली सकाळी, आणि शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या दुपारी. तोवर ती ओल्या लादीवरच होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि गावाहून दादाही आला.

दादा म्हणाला, "आईला मी घेऊन जातो. तू दिवसभर बाहेर, तिच्याकडे बघणार कोण?" त्याचं चुकत नव्हतं. पण गावच्या घराचा संडास परसात, अंगणाला पायऱ्या, आणि वहिनीचं आणि आईचं कधी एका चुलीवर शिजलेलं नाही. दादा चहा प्यायला बाहेर गेल्यावर आईने मला विचारलं, "माका गावाक धाडतलंस?"

मी "नाही गं" म्हणून मोकळी झाले. आधी बोलायचं आणि मग रात्रंदिवस काळजी करायची, ही माझी जुनी पद्धत.

स्टुडिओ सोडला. मुलुंडचे एक फोटोग्राफर ओळखीचे होते, त्यांना घरून काम द्याल का म्हणून विचारलं. ते म्हणाले, "ताई, एक लग्न देतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मला तयार पाहिजे. जमलं तर दिवाळीनंतरचा अख्खा सीझन तुमचा. नाही जमलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." म्हणजे हिशेब सरळ होता. लग्न वेळेत झालं तर आई भटवाडीत राहणार, नाही झालं तर मी पुन्हा अंधेरीला आणि आई गावाला. त्या लग्नातल्या नवरा-नवरीला ह्याची काहीच कल्पना नव्हती.

आता कॉम्प्युटर हवा होता. आयता घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून सुटे भाग. आई दुपारी झोपली की मी मोबाइलवर व्हिडिओ बघत बसायचे. लाल-निळ्या दिव्यांच्या उजेडात बसलेली पोरं "बजेट मशीन, बजेट मशीन" म्हणत असायची. त्यांच्या बजेटमध्ये आमचं घर रंगवून वर पाहुणे जेवले असते. एक म्हणायचा, अमुक प्रोसेसर म्हणजे झकास. दुसरा त्याच प्रोसेसरला डबा ठरवायचा. खालच्या प्रतिक्रिया त्याहून भयंकर. कोणाचा बोर्ड जळला, कोणाची रॅम बसलीच नाही, कोणाचा पॉवर सप्लाय फट्‌कन उडाला. मी सगळं वाचायचे, आणि रोज सकाळी मनातली निवड बदललेली असायची.

सगळ्यात जास्त छळलं ते एका गोष्टीने. एडिटिंगचा भार उचलायला आणि पडद्यावर चित्र आणायला ग्राफिक्स कार्ड लागतं. ते घ्यायचं ठरलंच होतं. पण प्रोसेसर दोन प्रकारचे मिळत होते. एक कार्ड नसलं तरी स्वतःचं स्वतः चित्र दाखवणारा, आणि दुसरा त्याहून स्वस्त, कार्डाशिवाय आंधळा. स्टुडिओतला माझा जुना जोडीदार फोनवर ओरडलाच, "अगं यार, कार्ड घेतेयस ना? मग स्वस्तवाला प्रोसेसर घे. वाचतील त्यात मोठा पंखा टाक, मशीन शांत राहील. एका खोलीत राहता तुम्ही. नाहीतर डोकं उठेल."

त्याचं म्हणणं पटलं. पण कार्ड मेलं तर? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला तो काही जाईना. शेवटी मी महाग प्रोसेसर घ्यायचा ठरवला आणि मोठ्या पंख्यावर काट मारली. प्रोसेसरच्या खोक्यात एक फुकटचा छोटा पंखा येतो, त्यावर भागवायचं. जोडीदार म्हणाला, "तू ना, छत्रीवर रेनकोट घालणाऱ्यातली आहेस." म्हटलं, आहे.

हे सगळं ठरेपर्यंत गणपती गेले आणि पितृपक्ष लागला. फोटोग्राफरने लग्नाचं शूटिंग भरलेली हार्ड डिस्क आणून दिली. स्टेशनजवळच्या दुकानात मला हवं ते कार्ड एकच उरलं होतं. मी पिशवी घेऊन निघाले, तर आईने खाटेवरून हटकलं.

"म्हाळाच्या दिवसांत नवी वस्तू घरात हाडूची नाय."

"आई, अगं घट बसेपर्यंत थांबले तर कार्ड जाईल."

"जाऊ दे. दुसरा मिळात."

मला रडूच यायचं बाकी होतं. माझा ह्या गोष्टींवर विश्वास आहे का? नाही. भीती आहे का? आहे. विश्वास नसलेल्या माणसाची भीती फार वाईट, तिला नारळ देऊनही भागत नाही. मी पिशवी हातात घेऊन तशीच उभी. आईने ते बघितलं. मग म्हणाली, "सुट्टा सामान आसा मा? मगे घेवन ये. पण जोडू नको. जोडल्याशिवाय ती वस्तू खय झाली?"

आणि तिने दाखलाही दिला. भटवाडीत पहिली खोली बांधली तेव्हा बाबांनी पत्रे पितृपक्षातच आणले होते. "हाडल्यानी म्हाळात, घातल्यानी घट बसले तेवा. काय झाला? कायएक नाय." बाबा गिरणीत होते आणि गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वॉचमनची नोकरी केली. तेव्हा "कायएक नाय" हे तितकंसं खरं नव्हतं, पण मी वाद घातला नाही. मला वाट मिळाली होती.

दुकानाचे मालक कच्छी, वयस्कर, चष्मा कपाळावर. सगळे भाग काउंटरवर मांडून ते म्हणाले, "इधर ही जोड़ के देता हूँ. फ्री. चालू करके, देख के लेके जाओ."

मी नको म्हणाले.

"अरे, फ्री बोल रहा हूँ."

"नको, खोके बंदच राहू द्या."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेऊन माझ्याकडे बघितलं. गिऱ्हाइकाला फुकट नको असतं हे त्यांनी जन्मात पाहिलं नसावं. बिल देताना म्हणाले, "सात दिन में कुछ निकला तो बदल दूँगा. बाद में कंपनी." मी मान हलवली. ऐकलं होतं, कळलंही होतं. पण वस्तू झाली नाही तर ती बिघडेल कशी, असं काहीतरी तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

खोके आईच्या खाटेखाली गेले. रोज केर काढताना झाडू त्यांना लागायचा आणि मी तो हलकेच मागे घ्यायचे. आत काय आहे, धड आहे का, हे बघायची सोय नाही. एकदा कार्डाच्या खोक्याची चिकटपट्टी नखाने जरा सोडवली, तर आई पलीकडे तोंड करून झोपलेली असूनही म्हणाली, "उघडू नको गो." सात दिवस आले आणि गेले. बाबांच्या तिथीला काकवळ ठेवला, कावळा लगेच शिवला. आई खूश झाली. मला वाटलं, चला, निदान एका माणसाची तरी हरकत नाही.

घट बसले त्या सकाळी आंघोळ करून मी जोडायला बसले. हातांना घाम, म्हणून मांडीवर टॉवेल. प्रोसेसर बसवताना खटका दाबायला इतका जोर लागतो की आता मोडलंच असं वाटतं. पोरं व्हिडिओत हसत हसत दाबतात. मी देवाचं नाव घेऊन दाबला. दुपारपर्यंत सगळं जागेवर बसलं. आईने वॉकर धरून उठून कॅबिनेटला हळदकुंकू लावलं आणि समोर नारळ ठेवला. मी बटण दाबलं.

पंखे फिरले. पडदा काळाच.

वायर बदलून बघितली. रॅम काढून पुन्हा बसवली. काळाच. आई खाटेवरून बघत होती, आणि तिच्याकडे वळून बघायची माझी हिंमत नव्हती. दुकानात फोन केला. मालकांनी चारपाच गोष्टी करून बघायला सांगितल्या आणि शेवटी म्हणाले, "कार्ड गया लगता है. कंपनी को भेजना पड़ेगा. महीना-डेढ़ महीना पकड़ो." मग त्यांनाच राहवेना. "इतने दिन खोला क्यों नहीं?"

मी पितृपक्षाचं सांगितलं.

ते म्हणाले, "बहन, शराध में हम लोग भी नया नहीं लेते. पर खोल के देखने में क्या जाता था?"

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. आई हळूच म्हणाली, "माझ्यामुळे झाला मा?" मी म्हटलं, "नाही गं, कंपनीचाच माल खराब." पण आवाज असा निघाला की तिला उत्तर बरोबर मिळालं. त्या वेळी मला तिचा रागच आला होता. तिला गावी धाडायचं नाही म्हणून मी जिवाचा आटापिटा करते आणि हीच आडवी येते, असं वाटलं. ते वाटायला अर्धा क्षण लागला आणि मग उरलेली दुपार माझं मन मलाच खात राहिलं.

संध्याकाळी डोकं जरा थंड झालं तेव्हा आठवलं. महाग प्रोसेसर! तो कार्डाशिवायही चित्र दाखवणारा. कार्ड उपटून काढलं, पडद्याची वायर मागे बोर्डालाच लावली आणि बटण दाबलं. पडद्यावर उजेड आला. मी एवढ्या जोराने ओरडले की शेजारच्या काकू लाटणं घेऊन धावत आल्या. घाबरटपणाचा आयुष्यात पहिल्यांदा फायदा झाला होता, आणि जोडीदाराला फोन करून तो सांगितल्याशिवाय मला चैन पडलं नाही.

पण कार्डाचं सगळं ओझं आता एकट्या प्रोसेसरवर आलं. मशीन रडतखडत चालायचं. आणि तो फुकटचा छोटा पंखा! भार पडला की तो असा भणभणायचा की कुकरची शिट्टी ऐकू येईना. मी हेडफोन चढवले आणि भिंतीकडे तोंड करून कामाला लागले. दसरा डोक्यावर होता. लग्नाचं एडिटिंग म्हणजे नुसतं सुंदर कापून चालत नाही. स्टेजवर आहेर द्यायला आलेला एकही काका सुटता कामा नये. सुटला तर त्याचा फोन फोटोग्राफरला, आणि फोटोग्राफरचा मला. मी काका मोजत बसले. सप्तपदीत दिवस जायचा, विहिणींच्या पंगतीत दिवस जायचा. मध्येच मशीन अडकून पडायचं आणि मी श्वास रोखून थांबायचे. आईला जेवण दिलं, गोळ्या दिल्या, न्हाणीघरात धरून नेलं, की पुन्हा खुर्चीत. मी घरी आहे, एवढ्यानेच मला बरं वाटायचं.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी व्हिडिओ पूर्ण होऊन पाठवला गेला. थोड्या वेळाने फोटोग्राफरचा निरोप आला, "एक नंबर, ताई. सीझन तुमचा." मी तो दोनदा वाचला. हेडफोन काढले आणि आईला सांगायला खुर्चीतून वळले.

खाट रिकामी होती. वॉकर खाटेला टेकून उभा होता.

मी धावले. आई न्हाणीघराच्या दारात चौकट धरून उभी होती. एका हातात ओल्या निऱ्या, पाय थरथरत होते, आणि मागची लादी ओली. मी तिला दोन्ही हातांनी धरलं.

"अगं, हाक मारायची ना मला! मी इथेच होते ना?"

"मारलंय. चार येळा मारलंय. तू कामात होतंस." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला दम लागला होता, थांबत थांबत बोलत होती. "माका वाटला, पडलंय तर तू आसस. म्हणान वॉकर घेवक नाय."

ती माझ्या खांद्यावर टेकली आणि पुढे म्हणाली, "तू कामाक जायस, तेवा बरा होता. एकदा पडलंय खरा, पण घरात कोण नाय ह्या माका म्हायत असायचा. मी भिंत धरान जपान उठायचंय."

टेबलावर माझा मोबाइल वाजायला लागला.

"घे गो," आई म्हणाली. "तुझ्या कामाचो असतलो."

मी तिला धरून तशीच उभी राहिले. फोन वाजून वाजून बंद झाला, मग पुन्हा वाजला, तरी मी हात सोडला नाही.