भात सोडलेला व्याही

मी दारू पीत नाही, हे सिद्ध करण्यासाठी मला एकदा लोकांच्या घरी बसून वाटीभर कोरडी साखर खावी लागली. समोर होऊ घातलेली विहीण कमरेवर हात ठेवून उभी होती, बाजूला बायको डोळे पुसत होती आणि मला मात्र कित्येक दिवसांत इतकं चांगलं काही खायला मिळालं नव्हतं.

(ही गोष्ट सांगून सांगून मी दमलो आहे. पण कुठल्याही लग्नात गेलो की कोणीतरी खुर्ची ओढून बसतंच. तेव्हा एकदाची लिहूनच टाकतो.)

आमच्या ब्रह्मपुरीकडे माणूस जेवला की नाही, हे त्याने भात खाल्ला की नाही यावरून ठरतं. चार पोळ्या आणि वाडगाभर वरण खाऊन हात धुतला, तरी घरचे विचारतात, "मंग आता जेवाले बसता का?" सकाळी पोहे, म्हणजे तांदूळ. दुपारी भात. संध्याकाळी मुरमुरे, म्हणजे पुन्हा तांदूळच. आणि रात्री भात, कारण दिवसभर नुसतं खाणंच झालं, जेवण झालं कुठे? अशा गावातल्या माणसाला डॉक्टरांनी सांगितलं, "शुगर आहे तुम्हाला. कर्बोदकं मोजून खायची. भात एका वेळी एक वाटी."

"एक वाटी?" मी विचारलं. "तेवढा तर आमच्या घरी ताटाले चिकटून राह्यते, साहेब."

"एक वाटी. आणि ही गोळी सकाळी, नाश्त्याच्या आधी."

आता माझा स्वभाव सांगायला हवा. पोटासाठी माझा एसटी स्टँडजवळ फोटो स्टुडिओ आहे आणि जिवासाठी मी हिवाळ्यात आमच्याकडे गावोगावी होणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांत काम करतो. नाटकवाल्याला वाटीवाटीने त्याग जमत नाही. त्याग करायचा तर तो शेवटच्या अंकासारखा, सगळ्यांना दिसेल असा. घरी आलो, दारातच उभा राहिलो आणि जाहीर केलं, "सुनंदा, आजपासून या घरात माझा भात बंद."

"चप्पल बाहेर काढा," बायको म्हणाली.

माझा हिशेब सरळ होता. गोळी डॉक्टरांची, त्याग माझा. दोघांनी मिळून हाणल्यावर शुगर जाईल कुठे? एक वाटी सांगितली तर मी शून्य केली, म्हणजे डॉक्टरांपेक्षा मी एक पाऊल पुढेच. हे त्यांना जाऊन सांगावं, असं काही मला सुचलं नाही. पुढे गेलेला माणूस मागे वळून कशाला सांगतो?

मग सुरू झाले ते दिवस. उकडलेलं अंडं. अंबाडीची भाजी. पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा. पुन्हा अंडं. जो भेटेल तो एक उपाय देऊन जायचा. कोणी कारल्याचा रस सांगितला, कोणी मेथी, कोणी जांभळाच्या बियांची भुकटी, आणि सांगून झालं की तो माणूस भात खायला आपल्या घरी जायचा. मी इतका थकलो की स्टुडिओत बसून लोकांच्या लग्नाचे अल्बम काढायचो आणि पंगतीचे फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून पाहायचो. नवरा-नवरी धूसर झाली तरी चालेल, शीत न् शीत स्वच्छ दिसलं पाहिजे.

त्यातच बायकोने नवं काढलं. "तुमच्या तोंडाले कसा वास येऊन राह्यला जी? सीताफळ पिकून फुटल्यावानी?"

"तपश्चर्येचा असन," मी म्हणालो.

अशात आमच्या प्रज्ञाचं लग्न ठरायच्या बेतात आलं. ती आरमोरीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, आणि मुलगा, निखिल, तिथलाच, कृषी सहायक. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, त्यामुळे आम्हा मोठ्यांना फक्त बिघडवण्याचं काम उरलं होतं. निखिल आणि त्याचे वडील आमच्याकडे येऊन गेले. आता आम्ही दोघा नवराबायकोने घर पाहायला जायचं होतं, आणि शेवटचा शब्द निखिलच्या आईचा, कमलबाईंचा होता.

कमलबाई म्हणजे तिथल्या दारूबंदी महिला मंडळाच्या पुढारी. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात दारू मिळते, पलीकडे आरमोरी गडचिरोली जिल्ह्यात, तिथे बंदी. मध्ये वैनगंगेचा पूल. त्या पुलावरून डुलत येणारा माणूस पायी आहे की सायकलवर हे कळायच्या आधी त्याने किती घेतली आहे हे कमलबाईंना कळतं, अशी त्यांची ख्याती.

आदल्या दिवशी प्रज्ञाचा फोन आला. "बाबा, तिथे नाटकाचा एक शब्द काढू नका. निखिलच्या आईंना दारू नाही चालत. नाटकातलीही नाही."

तिची भीती अगदीच चुकीची नव्हती. मी इतकी वर्षं नाटकांत दारुड्याचंच काम करत आलोय. नायकाचा दारुडा बाप, नायिकेचा दारुडा भाऊ, आणि एकदा तर दारुडा सरपंच. स्वतः थेंब घेत नाही, पण काम असं करतो की भर बाजारात एका म्हातारीने मला थांबवून सांगितलं होतं, "सोड रे बाप्पा आता, पोरगी लग्नाची झाली तुई."

"बाबा, ऐकताय ना?" प्रज्ञा म्हणाली. मग जरा हळू आवाजात, "मला हेच घर हवंय."

"एक शब्द काढणार नाही," मी वचन दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. पाहुणचार होणार, नाही म्हटलं तरी थोडंफार पोटात जाणार, म्हणून मी घरूनच कर्बोदकांची बचत सुरू केली. गोळी घेतली. नाश्ता घेतला नाही.

"अंडं तरी खा जी," बायको म्हणाली.

"तिकडे खावंच लागन."

एसटी उशिरा आली, आणि आली ती आरमोरीच्या वेशीशी बंद पडली. उरलेला रस्ता आम्ही पायी गेलो. कमलबाईंच्या दारात पोचलो तेव्हा माझे पाय जरा हलके हलके वाटत होते. पथ्य लागू पडतंय, असं मला वाटलं.

जय भीम झाला, बसणं झालं. पोह्यांच्या बश्या आल्या. वर शेंगदाणे, कोथिंबीर, लिंबाची फोड. पोटातला प्रत्येक अवयव पुढे सरकला. पण समोर इतके प्रेक्षक असताना मी थोडाच मोह पडू देणार? हात जोडले आणि म्हणालो, "माफ करा. मी भात सोडला आहे."

निखिलचे वडील बशीकडे पाहत म्हणाले, "पण हे पोहे आहेत."

"पोहे म्हणजे काय? ठोकून चपटा केलेला भातच."

बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. कमलबाईंनी बशी उचलली आणि आत नेली. मी चहाही बिनसाखरेचा मागितला. आपली छाप पडत आहे, अशी माझी समजूत होती.

चहा हातात घेतला आणि कपबशी आपोआप वाजायला लागली. थंडीचे दिवस, निखिलच्या वडिलांनी कानाला मफलर बांधलेला, आणि माझ्या शर्टाची पाठ घामाने ओली. समोर निखिल एकटाच बसला होता, पण मला दोन दिसू लागले. दोघेही मुलगे चांगले वाटले.

"पोरीले शेतीची आवड आहे का जी?" कमलबाईंनी विचारलं.

"शेती," मी म्हणालो. पुढचं वाक्य सापडेना. "शेती आहे. खाली आहे. पाण्याच्या खाली."

बायको माझ्या कानाशी आली. "नाटक पुरे करा."

"नाटक नाई, सुनंदा. मले खरंच कसंतरी होऊन राह्यलं."

"हेच वाक्य तुमी मागच्या नाटकात म्हणलं होतं. असंच."

तेवढ्यात निखिलच्या वडिलांनी मांडीवर थाप मारली. "अरे! मी तुमच्या घरी आलो तवापासून इचार करून राह्यलो, यायले कुठी पाह्यलं. तुमी ते दारुडे ना? काय पडला होता तुमी त्या स्टेजवर, भाऊ! हुबेहूब!"

प्रेक्षकाने ओळखलं की उभं राहून नमस्कार करायचा, ही नाटकवाल्याची सवय. मी उभा राहिलो, आणि हुबेहूब पडलो.

निखिलच्या वडिलांनी टाळ्या वाजवल्या. बाकी कोणी वाजवल्या नाहीत.

कमलबाई माझ्यावर वाकल्या. एकदाच वास घेतला. "गोड वास येते. मोहाचीच दारू आहे."

"नाई हो बाई," बायको म्हणाली. "यायनं जन्मात घेतली नाई."

"सगळ्याच बाया असं म्हणतेत," कमलबाई थकल्या आवाजात म्हणाल्या. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तसंच म्हणालो असतो. "पुलाच्या तिकडून पिऊन आले, सकाळच्या पाहरी. पोरीचं घर पाहाले येऊन राह्यले आन शुद्ध नाई."

मला सगळं ऐकू येत होतं, पण विहिरीच्या तळातून ऐकू यावं तसं. बोलायला हवं होतं. पोरीचं लग्न मोडत होतं. मी सगळा जोर लावून तोंड उघडलं, पण डोक्यात स्वतःचं एकही वाक्य उरलेलं नव्हतं. उरली होती ती फक्त पाठ केलेली. मी खणखणीत आवाजात विचारलं, "सुमन, माझी बाटली कुठं लपवली?"

"सुमन कोण?" कमलबाईंनी विचारलं.

बायको रडायला लागली. "बाई, आमच्या पोरीचा इचार करा," एवढंच म्हणाली.

"पोरगी सोन्यासारखी आहे. पण उद्या माह्या दारात हा माणूस व्याही म्हणून असा येईन, तर मी गावातल्या बायायले काय तोंड दाखवू? निखिल, उठ. यायले गाडीत बसवून दे."

निखिल उठला नाही. प्रज्ञाने निवड चांगली केली होती. पण काही बोलायचं धाडसही त्याला होईना. तेवढ्यात आतून त्याची आजी आली. काठी टेकत माझ्यापाशी बसली आणि माझ्या कपाळावर हात ठेवला.

"थंडा घाम आहे याचा," आजी म्हणाली. मग बायकोला, "याले शुगर आहे का, माय?"

"आहे."

"गोळी घेतली?"

"सकाळीच घेतली."

"आन खाल्लं काय?"

"काहीच नाई. भात सोडला जी यायनं."

आजीचा आवाज एकदम चढला. "कमल, साखर आण. लवकर."

"आई, हे पिऊन…"

"मले दोन वेळा झालं असं. तू मंडळाच्या मीटिंगले होती. मरते माणूस अशानं. आण म्हणते ना!"

कमलबाई धावल्या. साखर आली. आजीने चिमटीने नव्हे, मुठीने माझ्या तोंडात घातली. मी चघळली, गिळली, आणखी घेतली. मग ती मघाची पोह्यांची बशी परत आली, मग दुसरी. हळूहळू दोन निखिलांचा एक झाला, घाम वाळला, आणि मी उठून बसलो. "नमस्कार. मी प्रज्ञाचा बाप," मी म्हणालो, जणू आत्ताच आत आलो होतो.

कमलबाई मला निरखत होत्या. "मी आजवर कितीक उतरवले. लिंबू देऊन, ताक देऊन, बादली ओतून. साखरेनं उतरलेला एक नाई पाह्यला."

"चढलीच नोती त उतरन काय?" आजी म्हणाली.

"आन सुमन?"

"नाटकातली बायको त्याची," निखिलचे वडील उत्साहाने म्हणाले. "पहिल्याच अंकात मरते!"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर जे बोलले, त्यातलं छापण्याजोगं इतकंच. "भात मोजायला सांगितला होता, सोडायला कोणी सांगितलं? गोळी पोटात आणि पोट रिकामं? खाणं बदललं तर आधी मला येऊन सांगायचं, गोळी मी बदलीन." तो सीताफळाचा वासही तपश्चर्येचा नव्हता. कर्बोदकं पार तोडली की शरीर चरबी जाळायला घेतं, त्याचा होता. गोळी कमी झाली, एक वाटी भात परत आला, आणि मी सुखाने चमच्याने मोजून खाऊ लागलो.

पण आरमोरीहून काही कळेना. प्रज्ञा रोज फोन करायची आणि एवढंच विचारायची, "बाबा, जेवलात?" त्यापुढे काहीच नाही. तिने मला एकदा जरी शिव्या घातल्या असत्या तरी हलकं वाटलं असतं.

शेवटी एका दुपारी कमलबाईंचा फोन आला. बायकोने स्पीकर लावला.

"पोरगी पसंत आहे बाई आमाले. तारीख तुमी पाहा. पण एक मागणी आहे."

बायको खाली बसली. आमच्या घरात हुंडा कधी दिला नाही, घेतला नाही. मी स्टुडिओतल्या कॅमेऱ्याची किंमत मनात करायला लागलो.

"तुमचे मालक लग्नाच्या दिवशी एक वाटी भात खातीन, मंगच मंडपात उभे राहतीन. मी सोता वाढीन. नाई खाल्ला त लगीन थांबन."

लग्न झालं. पाचशे पाहुण्यांदेखत मी पाटावर बसलो, कमलबाईंनी वाटीने मोजून भात वाढला, आजी शेजारी साखरेचा डबा घेऊन बसली, आणि मी एक शीतही न ठेवता मागणी पुरी केली. मुलीच्या लग्नात हुंडा दिलेले बाप मी पुष्कळ पाहिले आहेत. वरणात कालवून खाल्लेला मी पहिलाच. मग मी वरपक्षाला म्हणालो, मागणी फारच कमी वाटते, थोडी वाढवून मागा ना. त्यांनी ऐकलं नाही. हुंड्याच्या बाबतीत माणसं फार कडक आहेत.