चहातले थेंब

मी वेडा होतो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून कुणाला तरी माझा पुळका यायचा. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात मी लॅबमध्ये कामाला होतो आणि कारखान्यातली माणसं मला संपवायला टपली आहेत, अशी माझी खात्री पटली होती. आधी ती गेटवर उभी दिसायची, मग आमच्या चाळीसमोर, मग त्यांनी थेट जेवणात विष कालवायला सुरुवात केली. बाबांनी आणलेलं केळंसुद्धा मी खाईना. फक्त आईच्या हातचं तेवढं घशाखाली उतरायचं.

आईबाबांनी मला ठाण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डोंबिवलीतही डॉक्टर होते, पण तिथे ओळखीचं कुणी भेटलं असतं. डोंबिवलीचे वेडे ठाण्याला आणि ठाण्याचे कल्याणला, अशी ही वाटणी असायची. त्यामुळे झालं काय, की आमच्याच चाळीतले मास्तर बायकोला घेऊन तिथे आधीच बसलेले. कुणीच कुणाला ओळख दाखवली नाही. मास्तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे इतका वेळ टक लावून बसले, की त्यांनाच दाखवायला आणलंय असं वाटावं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या मी मोरीत थुंकायचो. पुढच्या खेपेला मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "डॉक्टर, मला गोळ्या नकोत. माझ्या जेवणात काहीतरी घालतायत." त्यांनी समजुतीने मान हलवली, मला बाहेर बसवलं, आईला आत घेतलं आणि तिच्या हातात एक बाटली ठेवली. रंग नाही, वास नाही, चव नाही. रोज त्याच्या चहात थेंब घाला, त्याला कळू देऊ नका. जेवणात काहीतरी घालतात म्हणून ओरडणाऱ्या माणसावर हा उपचार! तेव्हा असं सर्रास चालायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मला हे फार पुढे कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगितलेलं बरं.

थोड्याच दिवसांत माझा जबडा आवळायला लागला. हात थरथरायचे, लाळ गळायची, पाय एका जागी ठरेनात. मी वेडा होतो, पण मठ्ठ नव्हतो. चहा बंद करून बघितला, जबडा सैल पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा आवळला. मग शेवटची टेस्ट घेतली. आईची पाठ वळल्यावर माझा कप बाबांपुढे सरकवला आणि त्यांचा मी प्यालो.

त्या दिवशी बाबांना ऑफिसातल्या दोघांनी धरून घरी आणलं. मान एका अंगाला वळलेली, जीभ जड झालेली. मला इतका आनंद झाला, की मी टाळ्या वाजवल्या. बाप वाकडा झाला आणि पोरगा टाळ्या पिटतोय, यापुढे माझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार?

"उशीवरून मान गेली रे," बाबा तिरक्या तोंडाने म्हणाले.

"एमआयडीसीचं पाणी आहे, त्याने काय वाट्टेल ते होतं," आई म्हणाली.

मी तिच्यापुढे जाऊन बसलो. "माझ्या डोक्यावर हात ठेव आणि सांग."

आमच्यात हे साधं मागणं नव्हतं. आईचं माहेर तळकोकणातलं. तिच्या गावात एकाने बांधावरच्या फणसासाठी पोराच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतली होती आणि पावसाळा संपायच्या आत पोरगा विहिरीत गेला. ही गोष्ट ती आम्हाला लहानपणापासून सांगायची, आणि सांगताना तिच्या अंगावर काटा यायचा. मला मारून टाकेल असं खोटं ती बोलणार नाही, एवढी एकच गोष्ट त्या दिवसांत माझ्या डोक्यात शाबूत होती.

तिने पदराला हात पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. "तुझ्या गळ्याची शपथ. मी तुझ्या चहात काही घातलेलं नाही."

तिथे मी मोडलो. आई खोटं बोलत नाही, म्हणजे चहात काही नाही. म्हणजे जबडा माझ्याच मनाचा खेळ, बाबांची मान खरंच उशीवरून गेलेली, आणि तसं असेल तर गेटवरची माणसंही नाहीत. मी ढसाढसा रडलो आणि म्हणालो, "आई, मला वेड लागलंय गं." दुसऱ्या दिवसापासून गोळ्या स्वतःच्या हाताने घेऊ लागलो. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, याला जाण आली. आणि मी बरा झालो. नोकरी बदलली, लग्न झालं, नव्वदीचं दशक माणसासारखं काढलं.

मग डॉक्टर म्हातारे झाले आणि दवाखाना बंद करायला निघाले. शेवटची भेट म्हणून पेढे घेऊन गेलो. ते मोकळेपणाने हसले. "तुझ्या आईचं कौतुक आहे हं. तू गोळ्या घ्यायला तयार होईपर्यंत तिने चहातून थेंब दिले, आणि तुला पत्ता लागू दिला नाही."

ठाण्याहून घरी येईपर्यंत मी रागाने नुसता धुमसत होतो. ज्या एका गोष्टीत मी शहाणा होतो, नेमकं तिथेच मला वेडा ठरवलं होतं, आणि तेही तिने.

आई मेथी निवडत होती. तिने नाकारलं नाही. "घालायचे," म्हणाली.

"आणि डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीस. खोट्या शपथेने पोर मरतं, हे तूच सांगायचीस ना?"

"मरतंच."

मला वाटलं होतं, ती म्हणेल की औषध होतं ते, देव समजून घेतो. तिने तसलं काही म्हटलं नाही.

"मग?"

"मग काय? तुला तसं रोज बघण्यापेक्षा ते परवडलं. मेलास तर सुटशील, आम्हीही सुटू." तिने देठ मोडून बाजूला टाकला. "वर्षभर वाट बघितली मी. नाही गेलास."